थिंक ऑफ की थिंक अबाउट? मनाच्या क्रियापदांच्या जोड्या

दुभाषी

नमस्कार मंडळी. मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आणि उरलेल्या वेळात भाषांतरं करते. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याने एक मेल तपासायला पाठवली. समोरच्याच्या प्रस्तावावर तो चार दिवस विचार करत होता, तेवढंच त्याला कळवायचं होतं. त्याने लिहिलं होतं, 'आय थॉट ऑफ युवर ऑफर फॉर फोर डेज'. मी 'ऑफ' खोडून 'अबाउट' केलं. त्याने विचारलं, "का?" आणि 'तसंच म्हणतात' एवढ्यावर त्याची बोळवण करणं मला जिवावर आलं.

घरी येऊन 'थिंक'ची वाक्यं वहीत लिहीत गेले आणि प्रत्येकापुढे सहज तोंडात येईल ते मराठी लिहिलं.

'आय थिंक ही इज राइट' : मला वाटतं त्याचं बरोबर आहे.
'आय ॲम थिंकिंग अबाउट इट' : मी त्याचा विचार करतेय.
'शी थॉट ऑफ अ वे आउट' : तिला मार्ग सुचला.
'आय कान्ट थिंक ऑफ हिज नेम' : त्याचं नाव आठवत नाहीये.
'थिंक ऑफ अ नंबर' : एक संख्या मनात धर.
'आय थिंक ऑफ हर ॲज अ सिस्टर' : मी तिला बहीण मानते.
'वी आर थिंकिंग ऑफ मूव्हिंग' : घर बदलायचा विचार आहे.

इंग्रजीत सातही ठिकाणी क्रियापद एकच. मराठीत मात्र वाटणं, विचार करणं, सुचणं, आठवणं, मनात धरणं, मानणं. म्हणजे मनात जे घडतं त्याचा प्रकार बदलला की आपण क्रियापदच बदलतो. इंग्रजी क्रियापद तेच ठेवते आणि त्याच्या शेजारचा शब्द बदलते. शब्दकोशात 'थिंक म्हणजे विचार करणे' असं पाठ करणारा माणूस या शेजारच्या शब्दाकडे बघतच नाही, आणि सगळी गफलत तिथेच होते.

मला सुचलेला नियम असा: 'ऑफ' क्षणाचं, एखादी गोष्ट मनात उमटते तेव्हाचं. 'अबाउट' वेळ घेणारं. 'अबाउट'चा जुना अर्थ 'सभोवार' असाच आहे, मन त्या गोष्टीभोवती फिरत राहतं. हा नियम टिकतो का ते सांगा. आणि 'नो', 'रिमेंबर', 'कन्सिडर', 'अंडरस्टँड' अशा मनाच्या बाकीच्या क्रियापदांच्या जोड्याही येऊ द्या. चुका आल्या तर अधिक चांगलं, चुकीतून कारण सापडतं.


पिंपळपान

ताई, धागा फार आवडला. माझी भर 'कन्सिडर'ची. कार्यालयातल्या मेलमध्ये 'प्लीज कन्सिडर अबाउट माय रिक्वेस्ट' इतक्यांदा वाचलंय की ते चूक आहे हेच विसरायला होतं. आपण 'विनंतीचा विचार करा' म्हणतो, त्या 'चा'ला इंग्रजीत काहीतरी द्यायला हवं असं वाटतं आणि 'अबाउट' येऊन बसतं. 'डिस्कस अबाउट'चंही तसंच, 'बद्दल चर्चा केली' मधला 'बद्दल' सुटत नाही. दोन्ही क्रियापदं थेट कर्म घेतात. 'कन्सिडर माय रिक्वेस्ट', 'डिस्कस द रिपोर्ट'. नाम केलं की मात्र 'अबाउट' परत येतं, 'अ डिस्कशन अबाउट द रिपोर्ट' बरोबर आहे. बहुधा तिथूनच ते क्रियापदाला चिकटलं असावं.

'कन्सिडर'पुढे दुसरं क्रियापद आलं तर ते 'इंग'वालं. 'वी आर कन्सिडरिंग चेंजिंग द प्लॅन'. 'टू चेंज' नाही.


रानवारा

दुभाषीताई, नियम चांगला आहे, पण मला अडलं. 'आय ऑफन थिंक ऑफ माय फादर' हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे. यात क्षण कुठे आहे? 'ऑफन' म्हणजे वारंवार, वर्षानुवर्षं. आणि 'वी आर थिंकिंग ऑफ मूव्हिंग' हे तर महिनोन्‌महिने चालतं. क्षणाचा नियम इथे मोडतो.


दुभाषी

रानवारा, अगदी बरोबर पकडलंत. रात्रभर यावर डोकं चालवलं.

तुमचंच वाक्य मराठीत म्हणून बघू. 'मला वडिलांची आठवण नेहमी येते.' येते! आपण 'आठवण करते' म्हणत नाही. दहादा आली तरी प्रत्येक वेळी ती आपल्या पायांनी येते, मी तिला बोलावत नाही. घराच्या वाक्यात 'घर बदलायचा विचार आहे'. विचार मनात येऊन राहिलाय, आहे. आणि प्रस्तावाच्या वाक्यात 'विचार केला'. तिथे मी काम केलं, बाजू तपासल्या, तोललं.

म्हणजे क्षण की काळ हा प्रश्नच नव्हता. विचार येणं आणि असणं हे 'ऑफ'कडे, विचार करणं 'अबाउट'कडे. हा फरक आपल्या भाषेत इतका मुरलेला आहे की आपल्याला तो दिसत नाही.

आता विद्यार्थ्याच्या वाक्याला हे लावा. 'चार दिवस मला प्रस्ताव सुचला', 'चार दिवस माझ्या मनात प्रस्ताव आला'. मराठीतही कानाला बोचतं ना? 'चार दिवस विचार केला' हेच बसतं, म्हणून 'थॉट अबाउट'. तुम्ही शंका काढली नसतीत तर मी अर्धवट नियम घेऊन वर्गात गेले असते.


चौकस

या फरकाची एक बाजू तत्त्वज्ञांनीही मांडली आहे, ती सांगायचा मोह आवरत नाही. झेनो वेंडलर यांचा क्रियापदं आणि काळ यांवरचा १९५७ चा निबंध भाषाविज्ञानात आजही वाचला जातो. त्यात 'थिंकिंग दॅट' आणि 'थिंकिंग अबाउट' हे दोन वेगळ्या जातींचे मानले आहेत. पहिली स्थिती, दुसरी क्रिया. त्यांची कसोटी सुंदर आहे. गाढ झोपलेल्या माणसाबद्दलही आपण म्हणू शकतो की अमका लबाड आहे असं त्याला वाटतं. मत झोपेतही तसंच असतं. पण झोपलेला माणूस अमक्याचा विचार करतोय, असं म्हणता येत नाही.

मराठीत हे क्रियापदातच सांगून टाकलेलं आहे. वाटणं ही स्थिती, विचार करणं ही क्रिया. म्हणून 'आय ॲम थिंकिंग दॅट ही इज राइट' सहसा चालत नाही आणि 'आय ॲम थिंकिंग अबाउट इट' चालतं. मनात 'वाटतं' असेल तर 'आय थिंक', 'विचार करतोय' असेल तर 'आय ॲम थिंकिंग'.


सुलेखा

चौकस, यालाच जोडून माझी जुनी चूक. मी कित्येक वर्षं 'आय ॲम नॉट रिमेंबरिंग', 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग', 'आर यू नोइंग हिम?' असं बोलत होते. एका वरिष्ठ बाईंनी प्रेमाने सुधारलं, पण कारण त्यांनाही सांगता आलं नाही. आता वाटतं, आपण 'आठवत नाहीये', 'समजत नाहीये' असं अगदी सहज म्हणतो. चालू काळाचा तो 'ये' आपण जसाच्या तसा तिकडे नेतो. पण इंग्रजीत ही क्रियापदं चालू काळात सहसा जात नाहीत. 'आय डोन्ट रिमेंबर', 'आय डोन्ट अंडरस्टँड'.

'आय कान्ट रिमेंबर' आणि 'आय डोन्ट रिमेंबर' यांत काही फरक आहे का? दोन्ही ऐकते.


दुभाषी

सुलेखाताई, व्यवहारात दोन्ही एकमेकांच्या जागी चालतात. 'कान्ट'मध्ये प्रयत्न करूनही जमत नसल्याची छटा आहे. आठवायचा प्रयत्न करतेय पण आठवत नाहीये, हे 'कान्ट'. 'डोन्ट' म्हणजे नुसतं आठवत नाही.

'रिमेंबर'च्या जोड्यांत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती 'टू' आणि 'इंग'ची. 'रिमेंबर टू लॉक द डोअर' म्हणजे दाराला कुलूप लावायचं लक्षात ठेव. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे कुलूप लावल्याचं मला आठवतं. मराठीत 'लावायचं' आणि 'लावल्याचं'. एक पुढचं, एक मागचं. 'फरगेट'चंही हेच. विद्यार्थ्यांना मी सांगते, आधी मराठी वाक्य मनात म्हणा. 'यचं' आलं तर 'टू', 'ल्याचं' आलं तर 'इंग'.

'रिमाइंड' वेगळं. 'शी रिमाइंड्स मी ऑफ माय आँट', तिला पाहून मावशीची आठवण येते. पुन्हा 'ऑफ', पुन्हा 'येते'! आणि काम करायची आठवण करून द्यायची असेल तर 'रिमाइंड मी टू कॉल' किंवा 'रिमाइंड मी अबाउट द मीटिंग'.


निशिगंध

हा धागा वाचताना मला जे आठवलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दुभाषी म्हणतात की आपण 'वाटणं' आणि 'विचार करणं' वेगळं ठेवतो आणि इंग्रजी दोन्हीला 'थिंक' म्हणते. पण जुन्या इंग्रजीतही ही दोन वेगळी क्रियापदं होती. एक साधारण 'थेंचन', म्हणजे विचार करणं. दुसरं 'थ्युंचन', म्हणजे वाटणं, भासणं. या दुसऱ्याचा कर्ता 'मी' नसायचा. ज्याला वाटायचं तो चतुर्थीत जायचा, थेट आपल्या 'मला वाटतं'सारखा. त्याचा अवशेष म्हणजे 'मीथिंक्स'. शेक्सपिअरच्या काळापर्यंत तो सर्रास वापरात होता. त्यातलं 'मी' म्हणजे 'मला'. पुष्कळ लोक त्याला 'आय थिंक'चं जुनाट रूप समजतात, पण त्याची फोड 'मला + वाटतं' अशी आहे.

पुढे दोन्हींचे उच्चार जवळ येत गेले, भूतकाळी रूपं तर आधीच जवळजवळ सारखी होती, आणि दोन्ही एकाच 'थिंक'मध्ये विरघळली. जर्मनमध्ये अजून दोन राहिली आहेत, 'डेंकन' आणि 'ड्युंकन', जरी दुसरं आता जुन्या वळणाचं वाटतं. 'लाइक'चीही हीच कथा. पूर्वी 'मला ते आवडतं' या धर्तीवर ते वापरलं जायचं, मग 'मी' कर्ता होऊन बसला.

मला याचं फार अप्रूप वाटतं. आपण ज्याला मराठीची लकब म्हणतो ती एके काळी इंग्रजीचीही होती.


पिंपळपान

निशिगंध, हे माहीत नव्हतं. मनापासून आभार. वाचनखूण साठवली.


दुभाषी

निशिगंध, तुमचा प्रतिसाद मी छापून वर्गात लावणार आहे, परवानगी असू द्या.

आणि एक जोडते. 'मला'वाली ती घडण इंग्रजीतून पुरती गेलेली नाही. 'इट अकर्ड टू मी', 'इट स्ट्रक मी', 'इट डॉन्ड ऑन मी', 'इट क्रॉस्ड माय माइंड', 'इट स्लिप्ड माय माइंड'. या सगळ्यांत मी कर्ता नाही, मला काहीतरी होतं. माझ्या मनात आलं, मला एकदम जाणवलं, हळूहळू उमगलं, मनाला चाटून गेलं, डोक्यातून निसटलं. या जोड्या मराठी माणसाला खरं तर सगळ्यात सोप्या जायला हव्यात. पण शाळेत त्या कोणी शिकवत नाही आणि आपण सगळीकडे 'आय रिअलाइज्ड', 'आय फरगॉट' यांवर भागवतो.

'इट स्लिप्ड माय माइंड' तर मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. उशीर झाल्याचं कळवताना 'आय फरगॉट'पेक्षा ते सौम्य पडतं.


रानवारा

आता एक खरा घडलेला प्रसंग. एका ग्राहकाला मी मेल लिहिली. पैसे यायला उशीर झालाय अशी मला शंका होती, ती कळवायची होती. लिहिलं, 'आय डाउट दॅट द पेमेंट हॅज बीन डिलेड'. त्यांचं उत्तर आलं, 'बरं झालं, म्हणजे वेळेवर पोचलं तर'. मी चक्रावलो. दोन दिवस उलटसुलट मेल चालल्या आणि शेवटी एका सहकाऱ्याने सांगितलं की मी नेमकं उलटं लिहिलंय.

शंका म्हणजे 'डाउट' असंच शिकलो होतो. मग चूक कुठे?


चौकस

चूक 'शंका' या शब्दाच्या दोन तोंडांत आहे. 'उशीर झाला असावा अशी शंका येते' यात माझा कल 'झालाय' याकडे आहे. 'उशीर झाला याबद्दल मला शंका आहे' यात कल 'झाला नाही' याकडे. मराठीत वाक्याची ठेवण बघून आपण ओळखतो. इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं आहेत. पहिल्यासाठी 'सस्पेक्ट', दुसऱ्यासाठी 'डाउट'. 'आय सस्पेक्ट इट हॅज बीन डिलेड' म्हणजे बहुधा उशीर झालाय. 'आय डाउट इट हॅज बीन डिलेड' म्हणजे झाला असेल असं वाटत नाही. एका शब्दाने वाक्य पूर्ण उलटलं.

वर्गात हात वर करून 'सर, आय हॅव अ डाउट' म्हणतात तेही 'शंका'चंच भाषांतर. आपल्याकडे सगळ्यांना कळतं, त्यामुळे त्याला मी चूक म्हणणार नाही. पण इतर देशांतल्या माणसाला वाटेल की तुमचा सरांच्या म्हणण्यावर विश्वास नाही. तिथे 'क्वेश्चन' म्हणावं.


निशिगंध

'आय केम टू नो' राहिलं. 'मला कळलं'चं आपण हमखास हे करतो. 'आय केम टू नो दॅट यू आर लीव्हिंग'. इंग्रजीत 'कम टू नो'मध्ये हळूहळू, काळाच्या ओघात ओळखीचं होणं आहे. बातमी कळली असेल तर 'आय हर्ड' किंवा 'आय फाउंड आउट'.

'नो'च्या आणखी तीन छटा. 'आय नो हिम' म्हणजे मी त्याला ओळखतो, प्रत्यक्ष. 'आय नो ऑफ हिम' म्हणजे ऐकून माहीत आहे, ओळख नाही. 'आय नो अबाउट हिम' म्हणजे त्याच्याविषयीची काही माहिती आहे, बऱ्याचदा एखादी विशिष्ट गोष्ट. ज्याला तुम्ही कधी भेटलाच नाहीत त्याच्याबद्दल 'आय नो हिम' म्हणालात, तर समोरचा पुढे त्याच्याशी ओळख करून द्यायला सांगेल. आणि 'मला पोहता येतं' हे 'आय नो स्विमिंग' होत नाही, 'आय नो हाऊ टू स्विम' किंवा सरळ 'आय कॅन स्विम'.


सुलेखा

'थिंक ओव्हर', 'थिंक थ्रू', 'थिंक अप' यांच्यात मी नेहमी अडखळते. कोणी सांगेल का?


दुभाषी

'थिंक ओव्हर' म्हणजे विचार करून बघणं, निर्णयाआधी वेळ घेणं. 'लेट मी थिंक इट ओव्हर', जरा विचार करू दे. 'थिंक थ्रू' म्हणजे शेवटपर्यंत, सगळे परिणाम धरून विचार करणं. 'दे हॅव्हन्ट थॉट इट थ्रू' म्हणजे त्यांनी पुढचा विचारच केलेला नाही. यात थोडी टीका असते. 'थिंक अप' म्हणजे काहीतरी नवं रचणं, शक्कल काढणं. निमित्त असो, योजना असो, जे आधी नव्हतं ते डोक्यातून काढायचं.

एक गोष्ट जपा. 'ओव्हर' आणि 'थ्रू' यांच्याबरोबर 'इट' मध्ये येतं, 'थिंक इट ओव्हर'. 'अबाउट' आणि 'ऑफ' यांच्यानंतर येतं, 'थिंक अबाउट इट'. 'थिंक ओव्हर इट' ऐकलं की इंग्रजी माणसाला चूक लगेच कळते.

फसवं एक आहे, 'थिंक बेटर ऑफ इट'. 'आय वॉज गोइंग टू रिप्लाय, बट थॉट बेटर ऑफ इट'. भाषांतरात मी याचं 'पण अधिक चांगला विचार केला' असं झालेलं वाचलंय. अर्थ आहे, उत्तर द्यायला निघालो होतो, पण मग नको वाटलं. बेत सोडला.


पिंपळपान

मत विचारताना 'हाऊ डू यू थिंक?' म्हणतात तेही सांगा. 'तुम्हाला कसं वाटतं?' मधल्या 'कसं'चा तो परिणाम. 'व्हॉट डू यू थिंक?' हवं. 'हाऊ डू यू थिंक' म्हणजे तुमच्या विचार करण्याची पद्धत कोणती. 'हाऊ' ठेवायचंच असेल तर 'हाऊ डू यू फील अबाउट इट'.


दुभाषी

हो, आणि इथे प्रामाणिकपणे सांगते, की मत विचारताना माझा येणं-करण्याचा नियम लागत नाही. 'व्हॉट डू यू थिंक ऑफ इट' आणि 'व्हॉट डू यू थिंक अबाउट इट' दोन्ही ठीक. 'ऑफ' म्हटलं की बरंवाईट मत मागितल्यासारखं होतं, 'थिंक हायली ऑफ', 'थिंक लिटल ऑफ' यांच्या कुळातलं. पण रोजच्या बोलण्यात एवढा काटा कोणी लावत नाही.


रानवारा

नकाराबद्दल एक. 'तो येणार नाही असं मला वाटतं' याचं मी 'आय थिंक ही वोन्ट कम' करतो. ते चूक नाही ना?


चौकस

चूक नाही. पण इंग्रजी बोलणारा बहुतेक वेळा 'आय डोन्ट थिंक ही विल कम' म्हणेल. नकार आतल्या वाक्यातून उचलून 'थिंक'वर ठेवतात. आपणही 'मला नाही वाटत तो येईल' म्हणतोच, त्यामुळे ही सवय लावणं अवघड नाही. त्याने वाक्य मऊ होतं, ठामपणे नाकारल्यासारखं वाटत नाही. मात्र 'होप'ला हे चालत नाही. 'आय होप ही वोन्ट कम', 'आय होप नॉट'. 'आय डोन्ट होप' असं कोणी म्हणत नाही.

काळाकडेही लक्ष द्या. 'मला वाटलं तुला माहीत आहे' यात आपण 'आहे' ठेवतो, कारण मनातलं वाक्य जसंच्या तसं उचलतो. इंग्रजीत 'थॉट' म्हटलं की पुढचंही मागे सरकतं. 'आय थॉट यू न्यू'. 'आय थॉट यू नो' हे आपल्याकडच्या शिकलेल्या माणसांच्याही तोंडी असतं.


कुंदकळी

मी इथे नवीन आहे. सगळं वाचून थोडं दडपण आलं. एवढ्या जोड्या लक्षात कशा ठेवायच्या? शंभर-दोनशेची यादी करून रोज दहा पाठ केल्या तर जमेल ना? कोणाकडे तयार यादी असेल तर द्या.


दुभाषी

कुंदकळी, स्वागत. यादी मागू नका असं मी म्हणणार नाही, पण मी स्वतः यादी देत नाही, त्याचं कारण सांगते.

जे. आर. फर्थ नावाचे भाषावैज्ञानिक १९२८ पर्यंत लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. पुढे १९५७ मध्ये त्यांनी लिहिलं की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. त्यांच्या मागून आलेल्या जॉन सिंक्लेअर यांनी बर्मिंगहॅमला संगणकावर इंग्रजी मजकुराचा मोठा साठा जमवला आणि त्यातून १९८७ मध्ये कोबिल्ड शब्दकोश निघाला. त्याची खुबी अशी, की तो अर्थ नुसता शब्दाने सांगत नाही, पूर्ण वाक्यात सांगतो. शब्द कोणाच्या शेजारी बसतो ते अर्थ वाचतानाच दिसतं. शिकणाऱ्यांसाठीचे आजचे बरेच कोश अशाच साठ्यांवर उभे आहेत. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत आणि कोणालाही त्यात शोधता येतं. 'थिंक ऑफ' टाका, वाक्यांच्या ओळीच्या ओळी समोर येतात.

यादीतल्या जोडीला प्रसंग नसतो, म्हणून ती निसटते. तुम्ही असं करा. दिवसाला एकच क्रियापद घ्या, त्याची पाच खरी वाक्यं बघा आणि प्रत्येकापुढे मराठी लिहा. शब्दशः नको, तुम्ही घरात जसं म्हणाल तसं. क्रियापद कुठे बदलतंय ते पाहा. बदललं की समजा, तिथे इंग्रजीने शेजारी बदललाय. पंधरा दिवसांनी ती वही कोणत्याही छापील यादीपेक्षा तुमच्या जास्त कामाची असेल, कारण ती तुमच्या मराठीतून तयार झालेली असेल.


रानवारा

ताई, मला हे पूर्ण पटत नाही. परीक्षा तोंडावर असेल तर यादीच कामाला येते. 'ड्रॉ अ कन्क्लूजन', 'रीच अ कन्क्लूजन', 'जंप टू कन्क्लूजन्स', 'टेक इंटू अकाउंट', 'गिव्ह इट सम थॉट', 'मेक अप युवर माइंड' अशा ठाशीव जोड्यांत समजून घेण्यासारखं फारसं नाही, त्या तशाच घ्याव्या लागतात. मी पाठ केल्या आणि त्या आजही उपयोगी पडतात.


दुभाषी

ठाशीव जोड्यांबद्दल मान्य. 'मेक अ डिसिजन' की 'टेक अ डिसिजन' यामागे तर्क शोधत बसू नये, ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात, अमेरिकेत 'मेक'. पण 'थिंक', 'नो', 'रिमेंबर' यांचं मी ऐकणार नाही. ती क्रियापदं माणूस दिवसातून पन्नासदा वापरतो, तिथे पाठांतर पुरत नाही.

'मेक अप युवर माइंड'ला मात्र थोडा वेळ द्या. त्यात मन ठरवून टाकायचं आहे, आधी दुविधा होती हे गृहीत आहे. 'चेंज युवर माइंड' म्हणजे विचार बदलणं, मत बदलणं. 'कीप इन माइंड' लक्षात असू देणं. 'बेअर इन माइंड'ही तेच, जरा औपचारिक. आणि 'डू यू माइंड?' याचं उत्तर देताना सांभाळा. हरकत नसेल तर उत्तर 'नो' असतं.


कुंदकळी

आभार. वही आजच सुरू केली, पहिलं क्रियापद 'थिंक'च घेतलं.

एक विचारू का? माझ्या एका जुन्या सहकारी बाई परदेशी गेल्या, त्यांना मराठी येत नाही. बरीच वर्षं आम्ही बोललो नाही. काही काम नाही, काही मागायचं नाही. 'सहज तुमची आठवण आली म्हणून लिहितेय' एवढंच लिहायचं आहे. मी 'आय वॉज थिंकिंग अबाउट यू' लिहून ठेवलं होतं, पण हा धागा वाचल्यावर हात थांबला.


दुभाषी

आठवण आली, म्हणून 'ऑफ'. 'आय वॉज थिंकिंग ऑफ यू टुडे अँड वाँटेड टू राइट'. 'अबाउट' लिहिलंत तरी राग कोणी मानणार नाही. पण त्यात तुम्ही बसून त्यांच्याविषयी काहीतरी विचार करत होतात अशी छटा येते, आणि त्या मनात म्हणतील, काय बरं विचार केला असेल? 'ऑफ'मध्ये तसं काही नाही. त्या मनात आल्या, तुम्ही लिहिलंत. एवढंच लिहा आणि पाठवून द्या.